दिवाणाच्या पोटात

शामरावनगर, दुसरा मजला, खोली आणि स्वयंपाकघर.
माळा आहे, पण त्यावर घरमालकांची मोडकी सायकल;
काढतो म्हणतात, काढत नाहीत.
मग उरतो दिवाण.
फळी उचलली की सहा फूट लांब, चार फूट रुंद,
खोली माझ्या गुडघ्याला चार बोटं कमी.

जूनच्या पहिल्या रविवारी गाद्या खिडकीत जातात
आणि मी एकेक वस्तू नाव घेऊन आत ठेवते.
वीस लिटरचे दोन कॅन.
(सगळीकडं पाणी होतं तेव्हाच प्यायला नसतं,
हे पुण्याच्या नणंदेला समजावावं लागतं, इथं कुणाला नाही.)
कडक भाकरी, जुन्या ओढणीत चळत करून.
शेंगाचटणी. भडंग, कमी मिठाचं, तहान लागू नये म्हणून.
सासूबाईंचं पुडकं वेगळं, कांदा-लसूण नसलेलं.
पूर आला म्हणून नेम मोडत नसतो, म्हणतात त्या,
आणि पूर नेमका चातुर्मासातच येतो.
काडेपेट्या बरणीत. बीपीच्या गोळ्या.
रेशनकार्ड दुधाच्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत,
तरी मला ते ओलं झाल्याची स्वप्नं पडतात.

शीतलची हार्मोनियम तेव्हापासून दाराआड उभी आहे.
अशी उभी ठेवू नये म्हणतात.
तो काही म्हणत नाही.

रात्री आम्ही पाच दिवसांवर झोपतो.
कूस बदलली की खाली भाकरी कुरकुरते.

हिशोब चौघांचा होता.
त्या वर्षी पुलापाशी चाळीस झाले, मग त्रेचाळीस.
फूट असं कुणी म्हणत नाही इथं, नुसता आकडा,
जसा आजाऱ्याचा ताप सांगावा.
अठ्ठेचाळिसाला मीटरच्या डब्यात पाणी शिरलं, दिवे गेले,
आणि जिन्यात शिकलगारांचा आवाज आला.
पाच माणसं, धार लावायचं चाक, एक शेळी.

पाच चोक वीस, भागिले नऊ,
दोन दिवस आणि वर थोडं काहीतरी.
हे मी मनात केलं.
तोंडावर दिसलं असणार,
कारण भाभी उंबऱ्याबाहेरच थांबल्या, ओल्या चपला हातात घेऊन.
म्हणाल्या, आम्ही गच्चीवर जातो, तिथं पत्रा आहे.
गच्चीवर पत्रा नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

शीतलनं माझ्याकडं न बघता फळी उचलली.

मग काय काय यादीत नव्हतं ते कळत गेलं:
नऊ जणांच्या चपला कुठं.
भाभींची पाळी.
शेळीचं ओरडणं, आणि ते गप्प करायला
सासूबाईंनी आपल्या पुडक्यातला गूळ देणं.
तिच्या दुधाचा चहा आम्ही प्यालो. सासूबाईंनी कोराच घेतला,
पण गाळून सगळ्यांना त्यांनीच दिला.

तिसऱ्या रात्री दिवाण रिकामा झाला.
खाली जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती.
चार वर्षांची अलफिया स्वतःच आत उतरली,
भाकरीच्या ओढणीवर आडवी झाली,
म्हणाली, माझी खोली.
फळी पडू नये म्हणून शीतलनं हार्मोनियम आधाराला लावली.
रात्रभर मी जागी होते. ती घोरत होती, बारीक,
चटणीच्या वासात.

सकाळी बोटीतून पाण्याच्या बाटल्या आल्या.
पाणी उतरायला आणखी सहा दिवस लागले,
चिखल उपसायला त्याहून जास्त.

आता मी दिवाण पूर्ण भरत नाही.
उजव्या अंगाला एक पट्टा मोकळा ठेवते.
नणंद म्हणते, एवढी जागा वाया,
अजून एक कॅन मावेल की.
मावेल.

या जूनला अलफियाला वर बोलावलं,
आत निजवून बघितलं, पाय लांब कर म्हटलं.
चार बोटं वाढलीय पोरगी.
दोन किलो तांदूळ बाहेर काढला,
तो आता हार्मोनियमवर आहे.