अंगठ्याएवढी टेकडी

ग्रंथालयाच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी,
दर मंगळवारी आम्ही काच घासतो.
कुओपिओत हिवाळ्यात रात्रच रात्र,
आकाश हवं तेवढं, आणि उणे बावीस.
दुर्बीण दुकानात तयार मिळते.
हे आम्हांला माहीत आहे,
कृपया पुन्हा सांगू नये.

ओइवा चाळीस वर्षं चष्म्यांच्या कारखान्यात होता.
त्याचं म्हणणं, पॉलिशची राळ कडक हवी:
नख रुतवून आकडे मोजा,
दहाला जेमतेम खूण उमटावी.
राउनी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.
तिचं म्हणणं, पाचाला.

दहा की पाच,
एवढ्यावरून दोन हिवाळे अबोला.
अबोला म्हणजे, निरोप चालू असतात.
"त्या बाईंना सांगा, टर्पेंटाइनचा डबा उघडा राहिलाय."
बाई दोन हातांवर उभ्या.
"त्या गृहस्थांना सांगा, मला नाक आहे."
भिंतीवर पाटी: कप धुऊन ठेवा.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं:
राळेचा विषय साडेसातनंतर नको.

मी बस चालवते. काचेतलं मला काय कळणार?
माझ्या आरशाची कड उतरली होती,
म्हणून मी ओइवाला विचारलं,
आणि तो कोट घालत असताना राउनीलाही.
हात आखडता घेणं दोघांनाही ठाऊक नाही.
त्यानं स्वतः गाळलेली राळ दिली,
तेलकट कागदात, वर तारीख आणि वजन.
तिनं वही दिली, एकोणीस आरशांची,
प्रत्येक फेरा मोजलेला,
चुकलेल्या फेऱ्यांखाली लाल रेघ,
आणि लाल रेघा काही कमी नव्हत्या.

कुणाचं मन मोडायला नको
म्हणून मी मधलं धरलं.
राळ साडेसातची.
एक तास त्याच्या हातानं, एक तास तिच्या.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना,
माझा पाहुणा तर उपाशीपोटी जिन्यावरून पडला:
मध्ये खळगा, भोवती वरंबा,
कड होती त्याहून खाली.

दिवे घालवले. टाचणीच्या भोकातून उजेड,
उजेडाच्या वाटेत ब्लेडची धार.
ओइवा वाकला, आणि वाकलेलाच राहिला.
"कुणी शिकवलं हे?"
तुम्ही, मी म्हटलं. आणि त्यांनी.

तो बाजूला सरला.
"राउनी," म्हणाला. नुसतं नाव. निरोप्या नाही.
ती आली, चष्मा कपाळावर ढकलून डोळा लावला.
"पहिल्या तासात बिघडलंय."
"दुसऱ्या."
"फेरे लांब पडलेत."
"राळ ऊन होती."
"ऊन नव्हती, मऊ होती!"
"मऊच तर म्हणत होतीस इतकी वर्षं!"
बॉयलर एकदा बंद पडून पुन्हा सुरू झाला,
यांचं चालूच.
मी मध्ये उभी, माझ्या बिघडलेल्या काचेसकट,
लग्न जुळवून उपाशी राहिलेल्या मध्यस्थासारखी.

मग राउनीनं माझा अंगठा धरला,
काचेवर टेकवला, दहा मोजले.
हो, दहाच. ओइवानं ते ऐकलं.
"आता बघ."
सावलीत एक टेकडी उठली होती,
उतारासकट, माथ्यासकट,
माझ्या अंगठ्याच्या उबेची.

"हिच्यावर पॉलिश फिरवलंस," ती म्हणाली,
"तर टेकडी बसल्यावर तिथे खड्डा उरेल."
"हात लावू नकोस," ओइवा म्हणाला. "बसेल."
किती वेळात?
"वीस मिनिटं."
"दहा."

घड्याळ कुणीच लावलं नाही.
त्यांचं सरेना, मी कप धुऊन आले,
पुन्हा डोळा लावला तर टेकडी नव्हती.

खळगा होता तिथेच.
पुढच्या मंगळवारी बारीक दाण्यापासून पुन्हा.
राळ कुठली, ते अजून ठरायचंय.
साडेसात केव्हाच वाजून गेले होते.