निरसं

पिशवीतलं दूध तीन दिवस नासलं नाही
तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.
चौथ्या दिवशी मुलाची जुनी वही घेऊन
वडगावातल्या आमच्या बोळात दारोदार फिरले.
वहीच्या पुढच्या पानांवर त्याची भूमिती,
मागच्या कोऱ्या पानांवर मी लिहिलं: दूध, म्हशीचं, निरसं.

येळ्ळूरचा बसप्पा हुद्दार देतो म्हणालाय,
धार काढली की थेट इथं.
पण बारा लिटरच्या खाली गाडी वळवणार नाही.
डेअरीत फॅट बघून जे पैसे हातावर ठेवतात
तेवढे तरी सुटायला नकोत काय?

खैरुन्निसानं साडेतीन सांगितले, घरात नऊ तोंडं.
मजुकरांनी दीड, तेही 'आधी उकळून बघणार' या बोलीवर.
धोंडूबाई हलगेकर म्हणाली, साय किती बोटं येती?
मी काय सांगू, म्हशीला विचारून यायला हवं.
गंगव्वानं माग न थांबवताच
खिडकीतून एक बोट वर केलं.
खटखट खटखट, एक लिटर.

बोळ संपला. बेरीज पावणेबारा.

तोंडाशी कट्ट्यावर भरमाणा सांबरेकर,
तीस वर्षं एस्टीत कंडक्टर,
चहा प्यायचा तो बिनदुधाचा.
काय लिहूलालीस गं, म्हणाला. सांगितलं.
मग माझं पाव लिही.
कुणासाठी?
तिकीट फाडलंय समज. बसणार कोण, ते तुला कशाला?

तेव्हापासून साडेपाचला बोळात कॅनचं झाकण वाजतं.
ऊन दूध, त्याला गोठ्याचा वास,
कधी एखादी काडी.
भरमाणाचा पाव रोज कुणाच्या तरी किटलीत जातो, पाळीनं.
वहीत नुसतं 'भ'.

मी माहेरी गेले तेव्हा वही गंगव्वाकडे.
ती कन्नडात मांडायची.
तिचा एक मला शून्यासारखा दिसतो,
खाली जरासा उघडा राहिलेला.
परत येऊन हिशेब केला, तर तिच्या घरी पंधरा दिवस दूधच नाही!
पैसे घेऊन तीच दारात आली,
पानावर बोट आपटून म्हणाली,
ओंदु, ओंदु, ओंदु.
आता तिच्या शून्यांना मी एक वाचते.

वैशाखात म्हशी आटल्या.
दूध पातळ लागतंय, कुणीतरी म्हणालं,
मग सगळ्यांनाच लागायला लागलं.
मजुकरांच्या थोरल्यानं कॉलेजातून काचेची नळी आणली,
दुधात सोडली की पाणी सांगते म्हणे.
सकाळी तो खिशात हात घालून उभा,
आम्ही त्याच्या मागे,
जरा लाजून, जरा वाट बघत.

बसप्पा आला, कॅन हलका वाजला.
'हाल कडिमि अदावरी अक्का. नीर हाकिल्ल.'
दूध कमी आहे. पाणी घातलं नाही.
नऊ लिटर.

तीन लिटर पाण्यानं भागलं असतं.
बोळाला जाताना दोन नळ लागतात.

मजुकरांच्या पोरानं खिशातून हात काढला,
हातात रुमाल होता.

भरमाणा म्हणाला, आज मी मधल्या स्टॉपला उतरलो, खोडा माझा पाव.
उरले पावणेबारा, वाटायचं नऊ.
त्रिकोणाच्या शेजारी मी भागाकार केला:
लिटरला पाऊण, आणि वर थोडं.
धोंडूबाईनं माप धरलं, सायीचा विषय काढला नाही.
खैरुन्निसाला देताना तिचा हात जरा जास्त कलंडला,
ते सगळ्यांनी बघितलं,
कुणीच बघितलं नाही.

तळाला पाव लिटरपेक्षा थोडं कमी राहिलं.
त्याचा मी चहा केला,
सगळ्यांना पुरावा म्हणून तांब्याभर पाणी घालून.
पहिला कप बसप्पाला.

त्यानं घोट घेतला, मिशी पुसली,
आणि अगदी गंभीरपणे म्हणाला,
अक्का, यात पाणी जास्त झालंय.