नऊ नंबरचं मशीन

ब क म आ न ज, व प इ स.
बागबाजार, तिसरा मजला, काठमांडूतले सकाळचे सहा.
बावीस जण कळफलकाची मधली ओळ घोकतात
स्तोत्रासारखी, खाली न बघता;
झेरॉक्सवाल्याचं शटर अजून गुडघ्याएवढंच वर.

मी शिकवतो. म्हणजे असं की
लोकसेवेच्या परीक्षेला तीनदा बसलो,
तिसऱ्या खेपेला पावणेदोन गुणांनी राहिलो,
आणि त्याच महिन्यात ही खोली भाड्याने घेतली.
त्यामुळे काय विचारतात ते मला ठाऊक आहे,
आणि काय विचारत नाहीत, तेही.

एक किलोबाइट म्हणजे एक हजार चोवीस बाइट.
सरळ हजार का नाही?
त्याला गुण नाहीत. पुढे चला.

नऊ नंबरला धनसरा रोकाया.
तिथला म अडकतो.
बाकीच्यांनी ते मशीन टाळलं,
ही उशिरा आली, हिच्या वाट्याला आलं.
पहिला आठवडा तिचं सगळं म-शिवाय:
नस्कार. काठांडू. आचा अर्ज.
मग ती मधल्या बोटाने म असा दाबू लागली
जसा ओल्या लाकडात खिळा.

मंगळवारी कंट्रोल एक्स, कंट्रोल व्ही.
मजकूर इथून उचलायचा, तिथे ठेवायचा. सोपं.
तिने हात वर केला:
सर, कट केलेलं
पेस्ट होईपर्यंत कुठे असतं?

क्लिपबोर्डवर. लिहून घ्या, दोनदा येऊन गेलाय.

आणि पेस्ट करायचं राहूनच गेलं तर?
बिमल चेपांग हसला. मीही, थोडा.
दुसरं काही कट केलं की पहिलं जातं, म्हणालो.
तिने तेही लिहून घेतलं.

शुक्रवार सामान्य ज्ञानाचा.
देशातलं सर्वांत मोठं सरोवर? रारा!
जिल्हा? मुगु!
तिथलं राष्ट्रीय उद्यान कोणत्या साली?
तीस, बत्तीस, पस्तीस की चाळीस?
बत्तीस, सगळे ओरडले. दोन हजार बत्तीस,
विक्रम संवत. बरोबर.

नऊ नंबर गप्प.
काय गं, येत नाही?
येतं सर. बत्तीसला उद्यान झालं.
आम्हाला पस्तीसला कळलं.

बाकीचं तिने जिन्यात सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.
काठावरचं गाव. उठवून खाली तराईत,
बर्दियाला आणून ठेवलं.
तिचे बाजे तेव्हा चौदाचे. किती दिवस चालले
ते दर वेळी वेगळं सांगतात;
मेंढ्या किती होत्या, तो आकडा मात्र कधी हलत नाही.
पहिल्याच उन्हाळ्यात दोन धाकटे भाऊ तापाने गेले.
रारा म्हणत नाहीत ते,
नुसतं दह म्हणतात,
जसं आपण घराला घर म्हणतो.
आणि तू? तू पाहिलंयस?
कॅलेंडरवर, सर. भदौच्या पानावर होतं.

परीक्षेत मात्र बत्तीसच लिही हं,
मी म्हणालो.
हे मी का म्हणालो, मला अजून कळलेलं नाही.
लिहीनच की, ती म्हणाली,
चुकलं तर वीस टक्के कापतात.

दशैंच्या सुट्टीत मी नऊ नंबरचा कळफलक बदलला.
पाचशे रुपये. आधीच बदलता आला असता.
सुट्टीनंतर टायपिंगची चाचणी, उतारा मीच निवडलेला.
तिचं बोट जुन्याच जोराने आपटलं,
पडद्यावर उमटलं: मममुगु.

ती थांबली. घड्याळ चालू होतं.
मागे आली,
दोन म पुसले,
एक ठेवला.