डीपी नंबर एकोणतीस

पंचवटीत सगळे पत्ता देवळावरून सांगतात.
दादा डीपीवरून सांगायचे:
सतराच्या मागे किराणा,
तेविसाला डावीकडे वळलं की आत्याचं घर.
एकतीस वर्षं लाइनमन,
अख्खी पंचवटी त्यांच्या डोक्यात तारांनी जोडलेली.

एकोणतीस मखमलाबाद नाक्यावर.
लाइन बंद केलीय, फोनवर सांगितलं होतं.
नव्हती.
पडण्याआधीचं त्यांना एवढंच आठवतं,
डीपी गुणगुणत होती.
"ऐकू येत होतं गं. मी फोनवर विश्वास ठेवला."

मी आडगावच्या कॉलेजात उंदरांना हेच शिकवते.
आधी सूर, दहा सेकंद.
मग पायाखालच्या जाळीतून झटका, अर्धा सेकंद.
तीनदा पुरतं.
चौथ्यांदा नुसता सूर वाजला तरी उंदीर थिजतो,
मिशीसुद्धा हलत नाही.
मी थिजलेले सेकंद वहीत मांडते.

मग मेंदूचे काप, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
भिंगाखाली हिरवे ठिपके:
काल गप्प होत्या त्यातल्या काही पेटलेल्या,
बोलक्या होत्या त्यातल्या काही विझलेल्या.
पेटी तीच, कोपरे तेच,
आतला नकाशा मात्र
रातोरात कुणी नव्याने काढलेला.
बोरस्तेमॅडम म्हणतात,
भीती नवी माणसं भरत नाही,
आहेत त्यांचीच ड्यूटी बदलते.

पेठ नाक्याला जायला दादा आता रामवाडीवरून वळसा घालतात.
त्या बाजूला ऊन लागतं म्हणे.
संध्याकाळी सात वाजता.
फ्रिज आधी मागच्या खोलीत नेला,
मग मामाला देऊन टाकला.
आई दूध दोनदा तापवते, बोलत काही नाही.
परवा एका पोराने आत्याच्या घराचा पत्ता विचारला,
तर दादा म्हणाले, रिक्षावाल्याला विचार.

उंदरांचं पुढचं मला पाठ आहे.
सूर वाजवायचा, झटका द्यायचा नाही.
वाजवायचा, द्यायचा नाही.
हळूहळू थिजणं ओसरतं.
जुन्या पेशी पुसल्या जात नाहीत,
दुसऱ्या काही त्यांच्या दाराशी राखणीला बसतात, इतकंच.
आणि पेटी बदलली
की राखण उठून जाते.
हे मी घरी सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर म्हटलं, चला दादा, चिवडा आणू.
पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत.
चौथ्या दिवशी टाकीच्याही अलीकडूनच परत.
नवव्या दिवशी पंक्चरवाल्याच्या पुढे,
तिथून ती ऐकू येते.
त्यांचं मनगट माझ्या हातात, घामाने निसटतं,
आणि मी, सवयीने, मनात आकडे म्हणत होते.
"किती झाले?" त्यांनी विचारलं.
मी अकरा सांगितले.
एकोणचाळीस झाले होते.

मग त्यांनी मान तिरकी केली,
पूर्वी जेवताना लाइट मिचकला की करायचे तशी.
"नट ढिला आहे तिचा.
आवाज फाटका येतोय. कुणाला तरी कळवायला हवं."
पाय अजून जागचे हलले नव्हते.

परतताना चिवडा विसरलोच.
रामवाडीच्या पुलावर ते म्हणाले,
उद्या चपला नको.
बूट घालतो.
माळ्यावर असतील बघ, रबराचे.