शिसपेन्सिल

पूर उतरल्यावर
हरिपूर रोडच्या घरात ट्रंक उघडली,
तर अण्णांच्या वह्या एकमेकींना चिकटलेल्या,
बुडाशी दोन बोटं गाळ.

गच्चीवर दोरी बांधली. चिमटे पुरेनात.
पद्मावतीवहिनींनी त्यांचे आणून दिले,
स्वतःचे कपडे कठड्यावर टाकून.

अण्णा शाईनं लिहायचे.
पुडीची निळी शाई, घरी कालवलेली.
ती कृष्णेनं नेली.
पानभर फिकट ढग,
मध्येच एखादी वेलांटी,
आणि तळाशी तारीख, का कोण जाणे, शाबूत.

पण त्याच पानांच्या पाठीवर
आईनं शिसपेन्सिलीनं मांडलेलं
सगळं जसंच्या तसं:
दूध दीड लिटर. दळण.
भूपालभाऊजींकडून उसने सोळा.
हळद अडतीचा पगार अजून नाही.
ह्यांना ताप. आज लिहायला बसू दिलं नाही.

कोल्हापूरहून विद्यापीठाचे सर आलेत,
पांढरे हातमोजे घालून.
कविता कुठंयत, म्हणाले.
मी पान उलटं करून धरलं.
सरांनी वाचलं, चष्मा पुसला,
हे तर घरगुती आहे, म्हणाले.

हो.
त्या दिवशी कविता झाली नाही, सर.
ह्याची दुसरी नोंद
कुणाकडं असेल तर दाखवा.