खालचा वारा

चाळकेवाडीच्या पठारावर मी पवनचक्क्या दुरुस्त करते.
कमरेला पट्टा, दोनशे एकोणीस पायऱ्यांची शिडी,
वर पोचलं की ग्रीसचा वास
आणि झडपेतून दिसणारं उरमोडीचं पाणी.
आबा एकदाच आले, पायथ्यापर्यंत.
मान वर करून पात्यांकडं बघत राहिले.
म्हणाले, "हे आमचंच की गं.
फक्त आडवं पाडायचं राहिलंय."

हिंदुराव उतेकर, मुक्काम बामणोली.
एकवीस वर्षं नौदलात, हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात
पाय सोडून बसणारा पाणबुड्या.
घरी पाय सोडून कधी बसले नाहीत.

त्या संध्याकाळी, बाजेवर, पहिल्यांदा बोलले:
"इंजिन गेलं की आधी कान रिकामे होतात.
मग पोट वर येतं.
हात म्हणतो, दांडा वर ओढ.
सगळ्यांचे हात तेच म्हणतात.
वर ओढलास तर पाती दमतात, दमली की वाकतात,
मग तू नुसता धोंडा.
कुरियन साहेबांनी दांडा खाली सोडला.
पडायला कबूल झाला माणूस.
आणि पडता पडता खालून वारा आला,
त्यानंच पाती फिरवली."

जेवणाच्या ताटात बोटानं आमटी ओढून
त्यांनी मला पातं काढून दाखवलं.
मुळाकडचा भाग नुसता बसून असतो.
टोक खातं.
मधला तुकडा कमावतो, त्याच्यावर सगळं चालतं.
"घरात असतं तसं," म्हणाले.
आई हसली नाही. भाकरी उलटत होती.

"समुद्र त्या दिवशी काचेसारखा.
आभाळ कुठं संपलं ते कळेना.
नाक उचलायचं पाण्याच्या जरा वर,
पात्यांत साठलेला वेग एकदाच खर्चायचा.
लवकर खर्चलास तर चाळीस फुटांवर हात रिकामे,
आणि उसनं द्यायला तिथं कोण बसलंय?
उशीर केलास तर खर्चायला उरतच नाही काही.
पण पाणी कुठंय हेच दिसत नव्हतं.
मी दारातून हाताला लागेल ते फेकलं,
धुराची नळकांडी, जेवणाचा डबा.
डब्यानं वर्तुळं काढली.
साहेब ओरडले, दिसलं!"

पाण्यावर टेकलं अगदी अलगद. ते शेवटचं अलगद.
सगळं वजन डोक्यावर, त्यामुळं उलटं होणारच.
पाती पाण्याला लागून तुटली तो आवाज
आबांनी तोंडानं काढायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"डावा हात चौकटीवर. उजवा पट्ट्याच्या कुलपावर.
नाकात पाणी शिरू दे, तरी थांब.
सगळं हलायचं थांबलं की मगच कूलूप.
अंधारात वर कुठं, खाली कुठं, डोकं खोटं सांगतं.
हात खोटं सांगत नाही,
चौकट सोडली नसशील तर."
बराच वेळ काही नाही.
"टेकचंदनं पट्टा आधी सोडला."

पुढं विचारलं नाही मी.
सातारा-बामणोली गाडीत आबा कायम
संकटकाळी उघडायच्या खिडकीशी का बसायचे,
आणि कासचा घाट संपेपर्यंत डावा हात
त्या लाल खिटीवर का असायचा,
ते तेवढ्यावरच कळलं.
कंडक्टर चेष्टा करायचा, "उतेकर, खिडकी तुमच्या नावावर करू का?"

गेल्या जानेवारीत तापोळ्याहून परतताना
लाँचचं इंजिन ऐन मध्यावर बंद पडलं.
सकाळचे आठ, धुकं नुकतं उठलेलं,
शिवसागर इतका गप्प की डोंगर दोनदा दिसत होते.
खाली साठ-सत्तर हातांवर आमचं जुनं शेत.
नावाडी दोरी ओढत होता, शिव्या देत होता.
आबांचा डावा हात काठावर, बोटं पांढरी पडलेली.

मी पिशवीतून भुईमुगाची एक शेंग काढली
आणि लांब टाकली.
टप.
वर्तुळ निघालं, मोठं होत आमच्याकडं आलं,
लाँचच्या अंगाला लागलं.

"हां," आबा म्हणाले, "इथंय पाणी."
हात मात्र काढला नाही.
दुसरा हात माझ्यापुढं केला, शेंगांसाठी.