करंगळीच्या नखाएवढी

खडेबाजारातल्या शिडीखाली
सहा वर्षं मी नुसता डबा धरून उभा होतो.
वर भरमाण्णा मुतगेकर, पेंटर,
एक ओळ मराठी, एक ओळ कन्नड,
दोन्हींची पोटं सारख्याच मायेनं भरणारे.
बोर्ड झाला की उजव्या कोपऱ्यात सही,
करंगळीच्या नखाएवढी.
नख टेकवून मोजायचे, खरंच.
‘एवढी तर पायजेच की रे.
केलंय आपण, मग लपवायचं कशाला?’

निपाणीत एका तंबाखूवाल्यानं
गल्ल्यावरनं पैसे फेकले. दोन नोटा खाली पडल्या.
भरमाण्णांनी ब्रश रॉकेलात बुडवला, पुसला,
‘हातात द्या,’ म्हणाले. आवाज चढला नाही.
तो हसला.
आम्ही एस्टी धरली.
‘तंबाखू भांडा’ एवढाच बोर्ड
अकरा दिवस दुकानावर राहिला.
येणारं-जाणारं विचारायचं, कुणाशी?
बाराव्या दिवशी शेटजी स्वतः बेळगावात आले,
पैसे हातात ठेवले.
संध्याकाळच्या गाडीनं जाऊन ‘र’ काढला,
गाडीभाडं मागितलं नाही.

आणि हाच माणूस.
वडगावातल्या शाळेची भिंत रंगवताना
दप्तरवाली एक पोर खालून म्हणाली,
‘अण्णा, तप्पागेद री.’
कन्नड ळच्या जागी ल पडला होता.
मी पोरीवर डोळे वटारले.
ते शिडी उतरले,
तिच्याकडनं हवेत अक्षर काढून घेतलं,
परत चढले.
दिवसभर खुशीत होते,
कुणीतरी काहीतरी दिल्यासारखे.

मला हे तेव्हाच कळलं, असं समजू नका.
फ्लेक्स आला, मी मशीन घेतलं,
दुकानाला नाव माझंच.
चाळिसाव्या वाढदिवसाला मीच मला शुभेच्छा दिल्या,
बारा बाय आठ, काळा चष्मा,
खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो.
त्यातल्या तिघांना विचारलंही नव्हतं.
कपिलेश्वर पुलाजवळ दिवसातनं चारदा जायचो,
पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून बघायचो,
कोण थांबतंय, कोण मान वर करतंय.
एकानं सांगितलं, बिर्जेतली वेलांटी चुकलीय.
त्याच्याशी महिनाभर बोललो नाही.
वेलांटी चुकली होती.

पुढं वाऱ्यानं तो उडवला.
सांबऱ्याच्या वाटेवर एका गोठ्याजवळ दिसला,
कडब्यावर अंथरलेला, उलटा,
माझ्या चष्म्यावर कोंबडी बसलेली.
तेव्हाही मला कोंबडीचाच राग आला.

परवा खडेबाजारात एक जुना बोर्ड घासायला घेतला.
हल्ली काहींना परत हातानं लिहिलेलं हवं असतं.
तीन थर खरवडले, आणि खाली उजवीकडे
ते नख निघालं. भ. मु.
रंग त्याच्या कडेकडेनं फिरवला.
मग माझी जागा शोधत शिडीवर बसून राहिलो.
आधी ठरवलं, आपलं नाव घालायचंच नाही,
आणि लगेच मनात आलं,
लोक म्हणतील, बघा, केवढा नम्र माणूस!
म्हणून घातलं.
करंगळी टेकवून,
वेलांटी दोनदा तपासून.

खाली उतरलो, रस्ता ओलांडला, वळून पाहिलं.
पलीकडनं दिसत नव्हतं.
थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
चहा सांगितला.